वैदेही नाव ठेवलं तर पोरीच्या नशिबी वनवास येतो का?

पत्र

ताई नमस्कार, मी नाशिकची, इंदिरानगरला राहते. गेल्या महिन्यात मला मुलगी झाली. सव्वा महिन्याला बारसं करायचं ठरलंय आणि नावावरून घरात जे चाललंय त्याने माझं डोकं उठलंय. मला आणि नवऱ्याला वैदेही हे नाव आवडतं, मुलगी झाली तर वैदेही हे आम्ही बाळंतपणाच्या आधीच ठरवलेलं. सासूबाई ऐकायलाच तयार नाहीत. सीतेचं कुठलंच नाव घरात नको म्हणतात, सीता नको, जानकी नको, मैथिली नको, वैदेही तर नकोच, पोरीच्या वाट्याला वनवास येतो. त्यांच्या मोठ्या बहिणीचं नाव सीतेच्याच नावांपैकी एक होतं, तिला लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याने माहेरी आणून सोडलं ते कायमचंच. हा विषय निघाला की सासूबाई रडायला लागतात, मग मला पुढे बोलता येत नाही.

त्यात गुरुजींनी पत्रिका केली, आर्द्रा नक्षत्र, दुसरं चरण, अक्षर आलं घ. घ वरून मला एकही नाव आवडत नाहीये. नणंद म्हणते अक्षर सोडून नाव ठेवलं तर भविष्य बिघडतं. माझी शाळेपासूनची मैत्रीण शरणपूरची आहे, ख्रिश्चन, तिच्या मुलाचं नाव इम्मानुएल, ती म्हणाली आमच्याकडे तर नावंच भविष्यवाणीतून आलेली आहेत, आम्ही कुठे घाबरतो. मी अजूनच गोंधळले. नावात भविष्य असतं की नसतं? मी हट्ट सोडून देऊ का?

— एक आई, नाशिक

उत्तर

अगं, आधी तुझं आणि लेकीच्या बाबांचं मनापासून अभिनंदन. आणि उत्तर लगेच देऊन टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको: हट्ट सोडू नकोस, वैदेही ठेवा. फक्त सासूबाईंना गप्प बसवून ठेवू नका, त्यांना सोबत घेऊन ठेवा, आणि ते जमण्यासारखं आहे असं मला तुझं पत्र वाचून पक्कं वाटतंय कारण त्या रागावत नाहीयेत, त्या घाबरल्यात.

तुमच्या घरात दोन वेगवेगळ्या भीत्या एकमेकींत मिसळल्यात. एक अक्षराची, ती नणंदेची. दुसरी सीतेच्या गोष्टीची, ती सासूबाईंची. अक्षराची सोपी आहे, ती आधी घेते.

पंचांगात अवकहडा चक्र नावाचा तक्ता असतो, 27 नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, म्हणजे 108 चरणं आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. आर्द्राची चार अक्षरं कू, घ, ङ, छ. चंद्राला एक चरण ओलांडायला साधारण सहा तास लागतात, म्हणजे तुझी लेक ज्या सहा तासांत जन्मली त्या वेळात नाशिकच्या सगळ्या हॉस्पिटलांत, मालेगावात, पुण्यात, अख्ख्या देशात जेवढी बाळं जन्मली त्या सगळ्यांचं अक्षर घ. त्या सगळ्यांचं आयुष्य सारखं जाणार असं तुझी नणंदसुद्धा म्हणणार नाही. आणि बाळ थोडं उशिरा आलं असतं तर तिसरं चरण लागलं असतं आणि अक्षर आलं असतं ङ. ङ वरून कोण काय नाव ठेवणार? हस्त नक्षत्रात ण येतो, उत्तराभाद्रपदात ञ येतो, तिथे गुरुजी स्वतःच जवळचं दुसरं अक्षर सुचवतात. म्हणजे पर्याय काढायची सोय आधीपासूनच आहे, तू काही नवीन मागत नाहीयेस.

आता नणंदेला हे नक्की सांग, आपण नाशिककर आहोत त्यामुळे हे आपल्याला माहीत असायलाच पाहिजे. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात रामाचा जन्म पुनर्वसू नक्षत्रावर सांगितलाय आणि चंद्र कर्केत. पुनर्वसूची पहिली तीन चरणं मिथुनेत जातात, कर्केत येतं ते फक्त चौथं, आणि त्याचं अक्षर आहे ही. रा हे अक्षर चित्रा नक्षत्राचं. भरत पुष्य नक्षत्रावर जन्मला, पुष्याची अक्षरं हू हे हो डा. लक्ष्मण आणि शत्रुघ्न आश्लेषेवर, आश्लेषेची डी डू डे डो. चौघांपैकी एकाचंही नाव या तक्त्यात बसत नाही, आणि ही नावं वसिष्ठांनी स्वतः ठेवली, जन्माला अकरा दिवस होऊन गेल्यावर, मोठ्या आनंदाने ठेवली असं तिथे लिहिलंय. काळारामाला रोज हात जोडणाऱ्या घरात यापेक्षा मोठा दाखला कुठून आणायचा.

शिवाय धर्मसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात नावाचे चार प्रकार सांगितलेत, देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. अक्षर लागतं ते नाक्षत्रनामाला. ते पत्रिकेत राहतं, पूजेत संकल्पाला लागलं तर वापरायचं, लग्नाच्या वेळी गुणमेलन करायचं असेल तर राशी-नक्षत्र त्यावरून कळतं. हाक मारायचं, शाळेत घालायचं, ते व्यावहारिक नाम, ते आईबापांनी आवडीने ठेवायचं. जुन्या लोकांपैकी कितीतरी जणांचं पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं, तुझ्या सासऱ्यांना विचारून बघ, त्यांचंही निघेल कदाचित. म्हणजे घ वरचं नाव पत्रिकेत, वैदेही पाळण्यात आणि सर्टिफिकेटवर, कुठेही काही मोडत नाही. आणि ते घ वरचं नाव कोणी निवडायचं ते मी पुढे सांगते, तो मला या सगळ्यातला महत्त्वाचा भाग वाटतो.

आता सीता. इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण सीतेचं नाव ठेवू नका हे मी नाशिकमध्येच सगळ्यात जास्त ऐकते, जिथे पंचवटी आहे, सीता गुंफा आहे, जिथे लोक लांबून गाड्या करून तिच्या दर्शनाला येतात, रांगेत उभे राहून वाकून वाकून त्या गुंफेत उतरतात. ते दर्शन घ्यायचं, आणि तिचं नाव मात्र घरात नको? मला हे मनापासून खटकतं.

सीता म्हणजे नांगराची रेघ. जनक राजा शेत नांगरत होता तेव्हा त्या रेघेत ती सापडली म्हणून ते नाव. जानकी म्हणजे जनकाची लेक, मैथिली म्हणजे मिथिलेची, वैदेही म्हणजे विदेह देशाची. ही सगळी माहेरची नावं आहेत बघ, बापाचं, गावाचं, देशाचं. यात वनवासाचा मागमूस पण नाही. वैदेही ही हाक म्हणजे ही कोणाची लेक आहे, कुठून आली आहे हे सांगणारी हाक, आणि माहेरी आणून सोडलेल्या-टाकलेल्या बायकांचं दुःख ज्या घराने बघितलंय त्या घरात हे नाव मला तरी फार योग्य वाटतं.

आणि वनवासाची भविष्यवाणी? ती रामायणात खरंच आहे! अयोध्याकांडात आहे, पण ती नावावरून केलेली नाही. राम सीतेला म्हणतो तू घरीच थांब, रानात हाल होतात, वाघसिंह, काटे, उपास. ती ऐकत नाही. ती त्याला जी कारणं देते त्यातलं एक हे, की मी माहेरी असताना लक्षणं बघून सांगणाऱ्या ब्राह्मणांकडून ऐकलंय की मला रानात राहावं लागणार आहे, आणि एका भिक्षुणीनेही माझ्या आईसमोर हेच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून मला वनवासाची ओढच लागली आहे. ओढ! ती त्या भाकिताला घाबरत नाही, नवऱ्याने नाही म्हटलेलं होय करून घ्यायला ती ते वापरते. मला हा भाग वाचताना दर वेळी वाटतं की एवढी ठाम बाई आपण कीर्तनात, सिरियलमध्ये, नातीच्या बारशाच्या भांडणात फक्त रडवून ठेवलीये. आणि मुळात वनवास आला कशामुळे, तर कैकेयीने दोन वर मागितले आणि दशरथ शब्दात अडकला म्हणून. तो वनवास रामालाही आला, लक्ष्मणालाही आला. राम नाव ठेवायला कोणी घाबरलेलं मी तरी ऐकलं नाही, घराघरात श्रीराम, रामदास, रामनाथ, रामचंद्र. मग वनवासाचं खापर फक्त तिच्या नावावर का?

नावात भविष्य असतं का हा तुझा प्रश्न. खरंच भविष्यवाणीतून आलेली नावं आहेत, तुझी मैत्रीण बरोबर बोलली, आणि ती फक्त तिच्याकडे नाहीत, आपल्याकडेही आहेत. शकुंतलेच्या मुलाचं घे. आश्रमात असताना तो सिंह-वाघांना आवरायचा म्हणून ऋषींनी त्याला सर्वदमन नाव दिलं. मग शकुंतला त्याला घेऊन दुष्यंताच्या दरबारात आली, दुष्यंत म्हणाला मी ओळखत नाही, तेव्हा महाभारतात आकाशवाणी होते, भरस्व पुत्रं दुष्यन्त, दुष्यंता, या मुलाला सांभाळ, शकुंतलेचा अपमान करू नकोस. त्या भरस्व वरून मुलाचं नाव भरत. आता ही आकाशवाणी कोणाला उद्देशून आहे बघ. मुलाला नाही, बापाला. पोराचं पुढे काय व्हायचं ते बापाने त्याला पदरात घेतलं की नाही यावर होतं. ही एक गोष्ट मला तुला सगळ्यात जास्त सांगायची आहे, की जुन्या कथांमध्ये नाव आणि भाकीत जिथे जिथे एकत्र येतं तिथे ते बहुतेक वेळा मोठ्या माणसांना सांगितलेलं काम असतं, लेकरावर मारलेला शिक्का नसतो.

सत्यवानाचंही तसंच. नारद सांगतो की हा एका वर्षात जाणार, हे भाकीत झालं. पण नाव? ते त्याच्या आईबापांवरून, ते दोघं खरं बोलायचे म्हणून ब्राह्मणांनी मुलाचं नाव सत्यवान ठेवलं. आणि त्याचं दुसरं नाव चित्राश्व, कारण लहानपणी त्याला घोड्यांचं वेड, मातीचे घोडे करायचा, चित्रातही घोडेच काढायचा. किती गोड आहे हे, त्या पोराच्या अंगणात मातीचे घोडे वाळत पडलेले दिसतात वाचताना. मृत्यूचं भाकीत ना सत्यवान नावात आहे ना चित्राश्व नावात. आणि ते भाकीत ऐकूनही सावित्रीने निर्णय बदलला नाही, पुढचं आपल्याला माहीत आहे, दर वर्षी वडाला दोरा गुंडाळतोच आपण.

राहुल नाव बघ, तुमच्या बिल्डिंगमध्येच दोन-चार राहुल असतील. बौद्ध परंपरेत कथा आहे की मुलगा झाल्याची बातमी सिद्धार्थाला कळली तेव्हा तो म्हणाला राहुल जन्मला, बंधन जन्मलं, आणि तेच नाव पडलं. म्हणजे बंधन. त्याच राहुलने लहान वयात भिक्षू होऊन सगळी बंधनं सोडली. आता सांग, नावाने काय ठरवलं? आणि बंधन असा अर्थ आहे म्हणून आपल्याकडे राहुल ठेवायचं कोणी थांबलंय का?

आता तुझ्या शरणपूरच्या मैत्रिणीच्या मुलाचं नाव. इम्मानुएल म्हणजे देव आमच्याबरोबर. हे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं आहे. यरुशलेमवर दोन राजे मिळून चालून आले होते, तिथला राजा आहाज आणि त्याचे लोक घाबरून गेले होते, तेव्हा यशया म्हणाला की एक मूल जन्माला येईल, त्याचं नाव इम्मानुएल ठेवतील, आणि त्या मुलाला बरंवाईट कळायच्या आत या दोन राजांचे देश ओसाड पडतील. पुढे ख्रिस्ती लोकांनी ते नाव येशूशी जोडलं. पण मूळ प्रसंगात बघ, घाबरलेल्या लोकांना धीर द्यायला ते नाव आहे. यशयाने स्वतःच्या मुलांचीही नावं अशीच ठेवली होती, एकाचा अर्थ उरलेले लोक परत येतील, दुसऱ्याचा लूट लवकर होईल, आणि राजाला भेटायला जाताना तो पहिल्या मुलाला बरोबर घेऊन गेला. म्हणजे त्या पोराला बघूनच राजाला निरोप कळावा.

त्याच बायबलमध्ये होशेय नावाचा संदेष्टा आहे आणि त्याच्या घरची गोष्ट वाचून मला फार वाईट वाटतं. लोक देवापासून लांब गेले हे दाखवायला त्याच्या मुलीचं नाव ठेवलं गेलं लो-रुहामा, म्हणजे जिला दया मिळाली नाही ती, आणि मुलाचं लो-अम्मी, म्हणजे माझे लोक नव्हेत. विचार कर, त्या मुलीला अंगणातून हाक मारताना काय म्हणत असतील. पण पुढच्याच अध्यायात देव सांगतो की आता तिला रुहामा म्हणा, त्याला अम्मी म्हणा, दया मिळालेली, माझे लोक. तो पुढचा लो गेला. म्हणजे ज्या परंपरेत नाव थेट देवाच्या तोंडून आलेलं मानतात तिथेसुद्धा ते नाव बदलता आलं.

हे मी लांबच्या देशातलं सांगतेय असं वाटत असेल तर साताऱ्याचं आठव. एकीच्या पाठोपाठ दुसरी मुलगी झाली की तिचं नाव नकुशी ठेवायचं, नकोशी झालेली, म्हणजे पुढच्या वेळी मुलगा होईल ही आशा. हेही भविष्य घडवायलाच ठेवलेलं नाव! 2011 साली सातारा जिल्ह्यात प्रशासनाने अशा 285 मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली, मुलींनी नवीन नावं घेतली. त्या मुलींचं काही वाईट झालं असेल तर ते न आणि कुशी या अक्षरांनी झालं नाही, ते रोज त्या नावाने हाक मारणाऱ्या माणसांच्या मनात जे होतं त्याने झालं. नावाचा परिणाम होतो की नाही असं कोणी विचारलं तर मी म्हणते होतो, नक्की होतो, पण तो असा होतो. ज्या घरात पोरीला वैदेही म्हणून लाडाने हाक मारतील तिथे ते नाव लाडाचंच होणार. आणि ज्या घरात ते नाव घेताना दर वेळी कोणाचा तरी चेहरा पडेल तिथे मात्र ते पोरीला लहानपणीच कळेल. म्हणूनच मी म्हणते सासूबाईंना सोबत घ्या, त्यांचा विरोध ठेवून बारसं उरकू नका.

त्यांना आणखी एक दाखवता येईल. अहल्येची कथा काय आहे? शाप मिळून शिळा झाली, वर्षानुवर्षं तशीच. त्या कथेला घाबरून कोणी नाव टाळलं असतं तर 1725 साली चौंडीत जन्मलेल्या मुलीचं नाव अहिल्या पडलंच नसतं. तिच्यावरही दुःखं आली, नवरा खंडेराव 1754 ला कुंभेरीच्या वेढ्यात गेला, मग सासरे, मग एकुलता मुलगा. आणि तरी 1767 पासून 1795 पर्यंत तिने असा कारभार केला की आज अहिल्या नाव ठेवताना कोणाला शिळा आठवत नाही, घाट आठवतात, काशी विश्वनाथाचं देऊळ आठवतं, आपल्या जिल्ह्यात चांदवडला होळकरांचा रंगमहाल आठवतो. सावित्री नावाचंही तसंच, मृत्यूच्या भाकितापासून सुरू झालेली कथा, पण आज सावित्री म्हटलं की महाराष्ट्रात आधी 1848 ची पुण्यातली मुलींची शाळा डोळ्यापुढे येते. कथा एक असते, नाव घेणाऱ्या बायका पुढे दुसऱ्या कथा करतात, आणि मग नाव त्या नव्या कथेचं होतं. युरोप-अमेरिकेत तर कॅसांड्रा नाव ठेवतात, ती ग्रीक कथांमधली ट्रॉयच्या राजाची मुलगी, तिला भविष्य दिसायचं पण अपोलो देवाच्या शापामुळे कोणाचा विश्वास बसायचा नाही, एवढी दुःखाची कथा, तरी लोक आवडीने ठेवतात.

आणि आपल्या गावाचंच नाव घे, लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, ही कथा आपण पाहुण्यांना किती सहज सांगतो. अशा नावाच्या गावात पिढ्यानपिढ्या लोक नांदले, द्राक्षं पिकवली, कुंभमेळे पार पाडले.

आता सासूबाईंशी कसं बोलायचं. हे रामायण-महाभारत त्यांच्यापुढे वाद घालायला काढू नकोस, त्यांना ते तुझ्यापेक्षा जास्त माहीत असेल आणि प्रश्न तो नाहीच आहे. त्यांच्या मनात सीता नाहीये, त्यांची बहीण आहे. तर एक दुपार काढ, बाळ झोपलेलं असेल, नणंद-नवरा कोणी नसेल, आणि त्यांना बहिणीबद्दल विचार. सोडून दिल्याचं नको विचारू, आधीचं विचार, ती लहानपणी कशी होती, हाताला चव होती का, काय गायची, तुम्हाला कशी सांभाळायची. बऱ्याच घरांत अशा मावशी-आत्यांचं नावच कोणी घेत नाही, त्यांचा फोटोही भिंतीवर नसतो, आणि माझ्या मते खरं दुःख तिथे आहे. त्या बोलतील, रडतील, रडू दे. मग कधीतरी, त्याच दिवशी नसेल तर दोन दिवसांनी, एवढंच म्हण की आई, मावशींना त्यांच्या नावाने नाही सोडलं, एका माणसाने सोडलं आणि बाकीचे गप्प बसले, आणि आपण आपल्या पोरीच्या वेळी गप्प बसणार नाही. हे वाक्य तू मनापासून म्हणालीस तर त्यांच्यापर्यंत पोचेल.

दुसरं, जमलं तर त्यांना घेऊन गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर जा, तुला बाळंतपणामुळे अजून बाहेर पडायचं नसेल तर नवऱ्याला पाठव त्यांच्याबरोबर. रामकुंडाजवळ तीर्थपुरोहितांकडे घराण्यांच्या वह्या असतात, मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे पुरोहित कोण ते कळतं, आणि ते वही काढून पान उघडतात, जुनी पानं असली तर मोडी लिपीत. तिथे नावं वाचायला सांगा. धोंडू, दगडू, भिका, केरू अशी नावं निघण्याची बरीच शक्यता आहे. मुलं जगत नव्हती त्या काळात आईबाप असं नाव ठेवायचे की दृष्ट लागू नये, दगडासारखं टिकावं, देवाकडे भीक मागून घेतलेलं म्हणून भिका. आणि जुन्या पिढ्यांमध्ये सीताबाई, जानकीबाई, द्रौपदाबाई ही तर अगदी नेहमीची नावं, त्यातल्या कितीतरी जणी भरल्या घरात नातवंडं खेळवत म्हाताऱ्या झाल्या. तुमच्याच पानावर एखादी सीताबाई सापडली तर सासूबाईंना ती स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.

आणि आता ते घ वरचं नाव. ते सासूबाईंनी निवडायचं. पत्रिकेतलं नाव आजीने ठेवलेलं, असं. त्यांना खरंच विचारा, त्या जे सांगतील ते गुरुजींकडून पत्रिकेत लिहून घ्या आणि त्यावर परत चर्चा नको, तुला आवडो न आवडो. नणंदेला तर तिचं काम ठरलेलंच आहे, आत्या म्हणून बाळाच्या कानात कुर्र तीच करणार, तेव्हा तिने आधी पत्रिकेतलं नाव सांगायचं आणि मग वैदेही. तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं की तिचाही विरोध राहणार नाही असं मला वाटतं. आणि ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहिता ना तुम्ही, तर ते लिहायला सासूबाईंचा हात धरा. त्या दिवशीपर्यंत त्या तयार झाल्या नसतील तर बारसं आठ-पंधरा दिवस पुढे ढकला, काही बिघडत नाही.

नाव ठरायला उशीर झाला तर सर्टिफिकेटचं काय हे टेन्शनही घेऊ नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, ती बहुतेक हॉस्पिटलनेच केली असेल, तेवढी झाली आहे ना हे बघून घ्या. त्या नोंदीत बाळाचं नाव रिकामं असलं तरी चालतं, 12 महिन्यांच्या आत ते फी न भरता टाकून घेता येतं, त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून टाकता येतं. पण एकदा टाकलं की नीट टाका, कारण 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, लायसन्स, मतदारयादी सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हेच सर्टिफिकेट लागतं. इंग्रजी स्पेलिंग व्ही ए आय करायचं की व्ही ए वाय हे नवरा-बायकोने आधीच ठरवा आणि आधारला, लसीकरणाच्या कार्डावर सगळीकडे तेच द्या. अर्जावर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सही करायच्या आधी मोठ्याने वाचून घ्या, मराठीत वैदेहीची ही दीर्घ आहे, तिथे ऱ्हस्व पडून आलेली सर्टिफिकेटं मी बघितली आहेत.

बारसं झालं की कळव, आणि सासूबाईंनी घ वरून कोणतं नाव निवडलं तेही.

तुझी ताई